नकोशी भाषा नेमकी कुणाला नकोशी?

एका वडिलांच्या पत्राचा सारांश: माझी मुलगी बारावीत आहे, मार्क चांगले असतात. परदेशी भाषेचा पुढे उपयोग होईल म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला जर्मनच्या क्लासला घातलं. ए-1 ही पहिली पायरी कशीबशी पास झाली, पुढच्या ए-2 ला अडकली. आता म्हणते, ‘जर्मन सोडून काहीही शिकेन.’ काहीही म्हणजे अरबी! सात महिने झाले, रात्री बारापर्यंत ती उलटी अक्षरं गिरवत बसते. जगातल्या सर्वांत कठीण आणि लोकांना नकोशा वाटणाऱ्या भाषांची यादी मी काढली, त्यात अरबी अगदी वर आहे. एवढी मेहनत करून फायदा काय? शिवाय अरबी म्हटलं की लोक... असो. मला स्वतःला तरुणपणी जर्मनीला जायचं होतं, ते राहून गेलं. हिला भाषेची गोडीच नाही, की नुसता हट्ट आहे? तिला परत जर्मनकडे कसं वळवू?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी थांबले. ‘सात महिने झाले.’ तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय. क्लास नाही, परीक्षा नाही, घरातून कौतुक तर सोडाच, वर बोलणी. तरी बारावीचा अभ्यास उरकून ही मुलगी रोज रात्री एक अनोळखी लिपी गिरवते. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांना मी विचारते, ‘कुणी न सांगता तू काय करतोस?’ त्यावर बरीच मुलं आईच्या तोंडाकडे बघतात. तुमच्या लेकीकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे, आणि तुम्ही मला विचारताय की तिला भाषेची गोडी आहे का! हट्टी असेलही. भाषा शिकायला तेवढा हट्ट लागतोच.

तिला जर्मन का नको, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. बहुधा तिला कुणी विचारलंच नसावं. संपूर्ण पत्रात तिचं म्हणून एकच वाक्य आहे, तेही तिची चूक दाखवायला दिलेलं. ‘क्लासला घातलं’, ‘यादी काढली’, ‘वळवू’, ही सगळी क्रियापदं तुमची आहेत. बहुतेकांच्या मनातली नकोशी भाषा ही अशीच तयार होते. तिच्या व्याकरणाचा दोष फार थोडा असतो. कुणीतरी ती माथी मारलेली असते.

याचा प्रयोग एका अख्ख्या देशावर झालाय. हंगेरीत 1949 पासून 1989 पर्यंत शाळेत रशियन सक्तीची होती. मुलं वर्षानुवर्षं तासाला बसली, परीक्षा देऊन पासही झाली. पण ‘इतकी वर्षं शिकलो आणि बोलता काही येत नाही’ असं सांगणारे त्या पिढीतले लोक तिथे सर्रास भेटतात. रशियन ही काही न येण्यासारखी भाषा नाही. तिच्याबरोबर सोव्हिएत सत्ता आली होती, म्हणून लोकांनी ती कानाआड केली. घरातली सत्ता लहान असते, एवढाच फरक.

आता तुमच्या त्या यादीबद्दल, कारण हा गैरसमज मला दर महिन्याला भेटतो. ‘जगातल्या सर्वांत कठीण भाषा’ म्हणून ज्या याद्या फिरतात, त्यांतल्या बऱ्याचशा अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटच्या अनुभवावर बेतलेल्या असतात. तिथे अमेरिकन अधिकाऱ्यांना भाषा शिकवतात आणि कुठल्या भाषेला किती वेळ लागतो याची नोंद ठेवतात. फ्रेंचला साधारण 30 आठवडे, तर अरबी, चिनी, जपानी आणि कोरियनला 88 आठवडे, म्हणजे वर्गातले 2200 तास. पण हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ माणसांचे आहेत. त्याच तक्त्यात हिंदीला 44 आठवडे आणि 1100 तास लिहिलेत. तुमच्या लेकीने हिंदी कितव्या आठवड्यात आत्मसात केली, आठवतंय? किंवा वरच्या गटातली जपानी घ्या. क्रियापद वाक्याच्या शेवटी आणि ‘ला’, ‘चा’, ‘त’ यांची कामं करणारे शब्द नामाच्या मागे. इंग्रजी माणसाला वाक्य उलटं करून घ्यावं लागतं, मराठी माणसाला ते जवळपास जागच्या जागी सापडतं. तेव्हा कठीण म्हटलं की आधी ‘कुणाला?’ असं विचारावं. आणि सोपेपणाच हवा असेल तर 1887 साली खास सोपी म्हणून रचलेली एस्परांतो आहेच की. तिच्या क्लासला का नाही घातलंत?

अरबीत मराठी माणसाची वाक्यरचनेत फारशी सोय होत नाही, हे मात्र खरं. घशातून काढायचे काही आवाजही छळतात. पण लिपी उलटी वगैरे नाही, ती उजवीकडून डावीकडे लिहितात. 28 अक्षरं आहेत आणि ती काही आठवड्यांत येतात. शब्दांचं म्हणाल तर तुम्ही विचारलंत, ‘मेहनत करून फायदा काय?’ यातला ‘मेहनत’ही अरबी आणि ‘फायदा’ही. हे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि इथलेच झाले. अरबी शब्द बहुतेक तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. हजर, हजेरी आणि हुजूर हे एकाच धातूचे, आणि हुकूम व हकीम हे दुसऱ्या एकाचे. हे कोडं ज्याला एकदा सुटायला लागलं, तो रात्री बाराला झोपत नाही. तुमची लेक बहुतेक तिथेच पोचलीय.

पत्रात तुम्ही तीन टिंबं दिलीत. ‘अरबी म्हटलं की लोक...’ त्या टिंबांत काय आहे ते मला कळलं, आणि तुम्ही ते लिहिलं नाहीत याचं बरं वाटलं. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिस्ती आणि लेबनॉनमधले मॅरोनाइट ख्रिस्ती अरबीच बोलतात. युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी माल्टा देशाची माल्टीज ही अरबीतूनच निघालेली आहे. जगातल्या बहुसंख्य मुसलमानांची मातृभाषा मात्र अरबी नाही. लोकांच्या मनातल्या चित्राला घाबरून मुलीची भाषा ठरवू नका, एवढंच म्हणेन.

आता थोडं कडवट, आणि हे तिला वाचायला द्या. पुस्तकांत आणि बातम्यांत असते ती प्रमाण अरबी रस्त्यावर कुणी बोलत नाही. कैरोची बोली वेगळी, मोरोक्कोची इतकी वेगळी की बाकीचे अरबही चाचपडतात. दोन वर्षं फक्त प्रमाण अरबी घोकून टॅक्सीवाल्याशी बोलता न येणारे विद्यार्थी मी पाहिलेत. म्हणून प्रमाण भाषेच्या जोडीला सुरुवातीपासून एक बोली धर. इजिप्तची धर, तिथल्या सिनेमांमुळे ती सगळीकडे कळते. अरबी 1973 पासून संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे (जर्मन नाही, हे बाबांसाठी), पण तिथे दुभाषी होण्याची स्वप्नं आत्ताच रंगवू नकोस. तिथल्या अरबी दुभाष्यांना अरबीतून आणि अरबीत अशा दोन्ही दिशांनी भाषांतर करावं लागतं, आणि ती पातळी मातृभाषेसारखी लागते. साधी कागदपत्रं भाषांतरित करून पोट भरण्याचे दिवसही सरत आलेत, ते काम यंत्रं करतात. नुसत्या भाषेवर नोकरी मिळणं अवघड आहे. कायदा, नर्सिंग, मालवाहतूक, इतिहास, सॉफ्टवेअर, यांपैकी जे तुला खरंच आवडतं त्यात पदवी घे आणि अरबी बरोबरीने चालू ठेव. उजवीकडून डावीकडे चालणाऱ्या लिपीत एखादं अ‍ॅप नीट दिसतंय का, हे तपासायलाही भाषा जाणणारं माणूस लागतं.

परीक्षांबद्दल एका ओळीत: युरोपीय भाषांना ए-1 ते सी-2 अशी शिडी आहे, जपानीला एन-5 ते एन-1, अरबीला त्या तोडीची एकच सर्वमान्य परीक्षा नाही, त्यामुळे प्रमाणपत्रापेक्षा तू काय वाचू-बोलू शकतेस हेच दाखवावं लागेल.

आणि बाबा, तुम्ही एक करा. तिच्यासाठी आठवड्यातून दोनदा बोलायला लावणारा चांगला शिक्षक शोधा आणि सहा महिने तिला ‘कुठपर्यंत आलं?’ असं विचारू नका. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रात्रीची वेळ अकरावर आणायला सांगा, ते मान्य करेल ती.

राहिला जर्मनचा प्रश्न. मराठीसारखीच त्या भाषेतही तीन लिंगं आहेत, त्यामुळे नपुंसकलिंग बघून तुम्ही दचकणार नाही. जर्मनीला जायचं तुमचं राहून गेलं होतं ना? पुढच्या बॅचची फी भरून झाली असेल तर ती परत मागू नका. क्लासला वयाची अट नसते. नाव बदलून घ्या.