मोकाट जनावरं पकडताना रिफ्लेक्टर जॅकेट घालावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाऊ नगरपरिषदेच्या मोकाट जनावरं पकडणाऱ्या पथकात ठेकेदारामार्फत लागलाय, काम बरंचसं रात्रीचं आहे, आणि त्याचा मुकादम म्हणतो की जॅकेट घालू नका, कुत्री लांबूनच पळतात आणि गुरं बुजतात. हे खरं आहे का, आणि स्वतःच्या पैशाने घ्यायचं तर कोणतं, कोणत्या रंगाचं घ्यावं?

मुकादम चुकीचं सांगतोय. मीही मुकादमच होतो. एका महापालिकेच्या कोंडवाडा विभागात आधी कुत्र्यांच्या गाडीवर आणि नंतर गुरांच्या पथकावर काम करून निवृत्त झालो. तुमच्या भावाचा मुकादम जे तोंडी सांगतो तेच वाक्य मी एका चौकशी अहवालात सही-शिक्क्यासह वाचलेलं आहे. त्या एका वाक्यापायी माझी माणसं अख्खा पावसाळा साध्या शर्टावर हायवेला उभी राहिली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पावसाळ्यात गुरं रस्त्यावर का येऊन बसतात ते या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. रान चिखलाने भरलेलं असतं, माश्या जीव खातात, आणि डांबर कोरडं, उबदार असतं. आमच्याकडे बायपासच्या पुलाखालच्या उताराला असाच एक कळप रोज रात्री बसायचा. त्या रात्री रिमझिम चालू होती. कळपात एक तरणा खोंड होता, कानात पिवळा बारा आकडी बिल्ला, म्हणजे मालक असलेला. आमच्यातले सगळ्यात जुने, ज्यांना सगळे मामाच म्हणायचे, त्यांनी खोंडाच्या शिंगांत फास टाकला आणि कासऱ्याचं दुसरं टोक गाडीच्या हुकाला गुंडाळायला घेतलं. खोंड शांत उभा होता, हे मी स्वतः दोन हातांवरून पाहिलंय. तेवढ्यात मागून आलेल्या कंटेनरने प्रेशर हॉर्न मारला आणि खोंडाने मान बाजूला झटकली.

त्याचं शिंग मामांच्या जॅकेटच्या बाहीच्या भोकातून आत गेलं. जॅकेट फ्रीसाइज होतं, मामांची अंगकाठी बारीक, त्यामुळे बगलेखाली हाताचा पंजा सहज जाईल एवढी जागा. पुढे गळ्यापर्यंत चेन ओढलेली. नायलॉनचं कापड फाटलं नाही, चेन सुटली नाही. खोंड धावला तसे मामा त्याच्या शिंगाला लटकून दुभाजकापर्यंत फरफटत गेले. दोर कापायला ठेवलेला विळा घेऊन आमच्यातला एक पोरगा धावला आणि त्याने जॅकेट खांद्यावर कापलं, तेव्हा मामा खाली पडले. खांदा निखळला होता, गळपट्टीचं हाड मोडलं होतं. बरे झाल्यावर त्यांना कोंडवाड्याच्या फाटकावर बसायचं काम दिलं. फास टाकणारा तसा हात मी पुन्हा पाहिला नाही.

चौकशी झाली. अहवालात आलं: ‘चमकदार जॅकेटमुळे जनावर बुजले व अपघात घडला, सबब पथकाने सदर जॅकेट वापरू नये.’ हॉर्नचा उल्लेख नाही, चेनचा नाही, मापाचा नाही. जागेवर हजर असलेल्या कोणालाही विचारलं नाही. जॅकेटं भांडारात जमा करून घेतली आणि कपाटाला कुलूप लागलं.

आता जनावराच्या डोळ्याबद्दल. आमच्याकडे एक पशुधन विकास अधिकारी होत्या, त्यांनी मला नीट बसवून समजावलं होतं. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन तऱ्हेच्या पेशी असतात, कुत्र्यात आणि गाईत दोनच. कुत्र्याला निळा आणि पिवळा ओळखता येतो. लाल, केशरी, हिरवा हे सगळं त्याला मळकट पिवळ्या-तपकिरीत जातं. गुरांचंही जवळपास तसंच. लाल कापड दाखवलं की बैल पिसाळतो हे खोटं आहे, तो कापड हलवण्याने चवताळतो. गुरांच्या वागण्यावर आयुष्यभर काम केलेल्या अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन बाईंनीही हेच पुन्हा पुन्हा सांगितलंय: कुंपणावर टाकलेला कोट, वाऱ्यावर हलणारं कापड, जमिनीवरचा लखलखाट, अशा गोष्टींना गुरं थबकतात. म्हणजे जॅकेट ढगळ असेल, पुढून उघडं ठेवून फडफडत असेल, तर जनावर बिचकेल. अंगाबरोबर बसलेल्या जॅकेटला बिचकण्यासारखं काही नाही. आणि जॅकेटवरची पट्टी चमकते ती ज्याच्याकडून उजेड येतो त्याच्याच डोळ्यात. गाडीचा लाइट गाडीवाल्याकडे परत जातो, बाजूला उभ्या गाईला ती पट्टी राखाडीच दिसते.

कुत्र्यांचं तर विचारूच नका. कुत्रं पळतं ते गाडीच्या आवाजाला. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की आत कुठेतरी एक कुत्रं भुंकायला लागायचं आणि मग सगळी आळी उठायची, तेव्हा आम्ही गाडीतून उतरलेलोही नसायचो. पुढे तर साध्या कपड्यात भाजी आणायला गेलो तरी आमच्या पेठेतली कुत्री माझ्यावर गुरगुरायची. ज्यांच्या कानाला खाच होती, म्हणजे नसबंदी होऊन परत सोडलेली, ती सगळ्यात जास्त.

मग मुकादम तसं का म्हणतो? जे कोणी उघड बोलत नाही ते सांगतो. जॅकेट लांबून जनावराला दिसो न दिसो, मालकाला दिसतं. पथक आलं की दूधवाल्याचा पोरगा मोटारसायकलवरून पुढे जातो आणि गाई बोळात हाकलतो. कुत्र्यांच्या बाबतीत खायला घालणारी मंडळी गोळा होतात, मोबाइल काढतात, वाद घालतात. अंगावर नगरपरिषदेचं नाव असलेलं चमकतं जॅकेट नसेल तर काम गुपचूप उरकता येतं, आकडा वाढतो, ठेकेदाराचं बिल वाढतं. ही अडचण खरी आहे, मीही सोसली आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून माणसाला रात्री हायवेवर अदृश्य करायचं, हे मला त्या वेळीही मान्य नव्हतं आणि आजही नाही.

कारण जॅकेट जनावरासाठी नसतंच, ते गाडीवाल्यासाठी असतं. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर तिथेच गेले. ओल्या रस्त्यावर थांबायला पुन्हा तेवढे. गडद शर्टातला माणूस हेडलाइटच्या खालच्या झोतात जेमतेम तीसेक मीटरवर दिसतो. चांगली पट्टी दीड-दोनशे मीटरवरून दिसते. त्यात आपला माणूस ताठ उभा नसतो. तो जाळं धरून ओणवा असतो, जनावराच्या आड असतो, त्याचं लक्ष शिंगावर असतं, पाठ रस्त्याकडे असते. ओणवा झाला की छातीवरची पट्टी गायब होते. म्हणून माझं ठाम मत आहे की या कामाला नुसतं जॅकेट अपुरं आहे, पॅन्टच्या पोटऱ्यांवरही पट्टी हवी. नुसतं जॅकेट लांबून खांबासारखं किंवा डांबराच्या पिंपासारखं वाटू शकतं. खाली दोन पट्ट्या पुढे-मागे हलताना दिसल्या की ड्रायव्हरला लगेच कळतं, हा माणूस आहे.

मामांच्या प्रकरणानंतर मी भांडार बघणाऱ्या साहेबांकडे गेलो. त्यांचं म्हणणं, सगळ्यात कमी दराची निविदा आली ती घेतली, नियमात बसतं. मी म्हटलं, दर ठीक आहे, पण चेन काढून वेल्क्रो लावा. ते म्हणाले, पुढच्या खरेदीत बघू. पुढची खरेदी कधी आली नाही. म्हणून आमच्या चाळीतल्या शिंप्याकडून मी माझ्या खर्चाने जॅकेटं शिवून घेतली. दोन्ही खांद्यांवर, दोन्ही कुशींना आणि पुढे, अशा पाच ठिकाणी वेल्क्रो. कुठूनही झटका बसला की जॅकेट तुकडे होऊन सुटतं. त्यावर मला ज्ञापन आलं की विहित गणवेशाऐवजी अनधिकृत पेहराव वापरला. मी लेखी उत्तर दिलं, तीन पानी, आणि त्यात मामांच्या एक्स-रेची झेरॉक्स जोडली. त्याचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत आलं नाही. पण जॅकेटं मी उतरवू दिली नाहीत. नंतर एका गोऱ्ह्याने तशाच झटक्याने आमच्या एका पोराचं जॅकेट शिंगावर घेतलं. करकर आवाज झाला, खांदा सुटला, कूस सुटली, गोऱ्हा अर्धं जॅकेट घेऊन वीस पावलं गेला आणि पोरगा होता तिथेच उभा राहिला. साहेबांना हवा असलेला पुरावा तोच होता, पण तो कोणी कागदावर घेतला नाही.

तुमच्या भावासाठी घेताना हेच पहिलं बघा. औद्योगिक वसाहतीजवळच्या सेफ्टीच्या दुकानात वेल्क्रोने सुटणारं मागा, नसेल तर चांगलं घेऊन शिंप्याकडून करून घ्या, जड काम नाही. लेबलवर आयएस १५८०९ किंवा आयएसओ २०४७१ (अशा जॅकेटांचं भारतीय आणि आंतरराष्ट्रीय मानक) आहे का पाहा. आयएसओच्या मापात वर्ग २ म्हणजे चमकत्या रंगाचं कापड किमान अर्धा चौरस मीटर, पट्टी किमान ०.१३ चौरस मीटर, आणि पट्टीची रुंदी ५ सेंटीमीटर. वर्ग ३ ला बाह्या किंवा पूर्ण पॅन्टही लागते, म्हणजे बिनबाह्यांच्या जॅकेटवर कोणी ‘वर्ग ३’ छापून विकत असेल तर त्या दुकानातून निघा. शंभराच्या आतली जाळीची जॅकेटं घेऊ नका, त्या जाळीत कुत्र्याची नखं अडकतात आणि मग कुत्रंही घाबरतं, माणूसही. उकाड्यासाठी पाठीला जाळी चालेल, पुढून सलग कापड असू द्या.

पट्टी खरी आहे का ते दुकानातच तपासा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी कानशिलाला धरा आणि जॅकेट दहा-पंधरा पावलांवर कोणाला तरी धरायला लावा. खरी पट्टी पांढरी पेटल्यासारखी दिसते. नुसतं राखाडी कापड शिवलेलं असेल तर काहीच होत नाही, आणि तसला माल बाजारात भरपूर आहे. पट्टीवर नाव-बोधचिन्ह छापू देऊ नका. आमच्या पहिल्या जॅकेटांवर पाठीच्या पट्टीवरच महापालिकेचं नाव छापलं होतं, निम्मी पट्टी त्यातच गेली.

रंगाबद्दल विचारलंत. रात्री रंगाला काडीची किंमत नाही, रात्री पट्टीच काम करते. दिवसा आणि तिन्हीसांजेला रंग उपयोगी. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं असताना मला केशरी उठून दिसतं असं वाटतं, पोपटी-पिवळं गवतात मिसळतं. शहरात कोणताही चालेल.

धुताना ब्लीच नको, पट्टीवर ब्रश घासायचा नाही, इस्त्री नाही, उलटं करून सावलीत वाळवायचं. शेण आणि कुत्र्याची लाळ त्याच दिवशी धुवायची. पट्टीवर मळाचा थर बसला की ती मेली.

हे काम आता कमी होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला राष्ट्रीय महामार्ग आणि द्रुतगती मार्गांवरून मोकाट गुरं हटवायचा आदेश दिला आहे. म्हणजे तुमच्या भावासारखी ठेक्यावरची पोरं आणखी मोठ्या रस्त्यांवर, आणखी वेगवान गाड्यांपुढे उभी राहणार. तेव्हा भावाने आणि त्याच्याबरोबरच्या सगळ्यांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने एक अर्ज करावा: सुटणारं जॅकेट, पट्टीची पॅन्ट, गमबूट द्या. आणि मुकादमाचं म्हणणं ‘जॅकेट घालू नये’ असंच असेल तर ते त्याने सहीनिशी लिहून द्यावं, एवढीही मागणी करा. एकट्याने अर्ज करू नका, ठेकेदार दुसऱ्या दिवशी घरी बसवेल. आवकचा शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: जॅकेट घातलं म्हणजे भागलं असं नाही. गाडी कळपाच्या मागे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, चारही इंडिकेटर चालू ठेवून लावायची. एक माणूस फक्त वाहनांकडे तोंड करून उभा हवा, त्याने दोराला हात लावायचा नाही. माणसं कमी असतील तर हायवेवरचं काम त्या रात्री करू नये. आणि भाऊ कुत्र्यांच्या गाडीवरही जात असेल तर चावा लागण्याआधी घ्यायची रेबीजची लस त्याला मिळाली आहे का ते विचारा. पहिला डोस, मग ७ व्या दिवशी, मग २१ व्या किंवा २८ व्या दिवशी. तीही ठेकेदाराकडे मागायचीच आहे, त्याच अर्जात लिहा.