पान कुठलं?

प्रिय पोरी,

रविवारच्या बैठकीतून तू चपला घालून तरातरा निघून गेलीस. मागे तुझा चहा निवला. त्या गृहस्थांनी तांब्यांना 'दरबारी कवी' म्हटलं, म्हणून? अगं, ते होतेच. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. ती शिवी नाही, मान आहे. तुला झोंबलं ते पुढचं. १८५८ च्या जूनमध्ये झाशीची राणी याच गावात लढताना पडली, तेव्हा इथले महाराज जयाजीराव शिंदे इंग्रजांच्या बाजूला होते. मग तिच्या समाधीविषयी 'रे हिंदबांधवा' ही कविता लिहिणाऱ्याने त्याच घराण्याचं राजकवीपद घ्यावं कसं?

प्रश्न चांगला आहे. निदान उठून जाण्यासारखा तरी नाही. रात्री तू मला जे लिहून पाठवलंस त्यात 'त्यांची लायकी काय' हे तीनदा आहे आणि तांब्यांची ओळ एकही नाही. पोरी, पान कुठलं?

एजी ऑफिसात, सरकारी हिशेब तपासण्यात, माझी एकतीस वर्षं गेली. व्हाउचर नसलेली रक्कम आम्ही पास करत नसू, खाली सही कुणाचीही असो. प्रेमाचंही तेच. पान दाखव, मग बोल.

हे मला कुणी शिकवलं ते ऐक. तुझ्याएवढा होतो. एका मासिकात लेख आला म्हणे, की तांब्यांची कविता चालीवर तरते, चाल काढली तर शब्द पातळ उरतात. 'म्हणे', कारण लेख मी वाचलाच नव्हता. इथल्या लष्कर भागात चहाच्या टपरीवर मित्राने सांगितला. त्याच रात्री मी लेखकाला चार फुलस्केप भरून पत्र लिहिलं. त्यांचं शिक्षण काढलं, गाव काढलं, कान काढला. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. दोनच वाक्यं: कोणत्या कवितेविषयी लिहिता? पान कळवावे.

आजोबांची समग्र कविता घरात होती, माधव जूलियनांनी १९३५ साली संपादलेली. ती काढून आठवडाभर बसलो. तीन ठिकाणी तो माणूस बरोबर निघाला. तीन! यमकासाठी ओढूनताणून आणलेला शब्द मला तोवर दिसलाच नव्हता, कारण मी ती पदं गुणगुणत आलो होतो, वाचली नव्हती.

पोस्टकार्डाला उत्तर गेलं नाही. बहिणीचं लग्न होतं, मग परीक्षा. शिवाय सात ठिकाणी तो चुकलाच होता. तांब्यांचं पद नुसतं डोळ्यांनी वाचणारा अर्धंच वाचतो, हे मी आजही कुणालाही छातीठोक सांगेन. मग तीन जागांची कबुली आधी मीच का द्यावी? चाळीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय. आता तो माणूसही नाही.

तुला कान आहे, म्हणून तुझा राग येतो. नाहीतर मला काय पडलंय? भक्त म्हणवतेस आणि पुस्तक कपाटात. 'रे हिंदबांधवा' नीट उघड. राणी माहेरची तांबे. कवी त्या कवितेत तांबे कुळाचं नाव घेतो. म्हणजे दरबार एकीकडे आणि रक्त दुसरीकडे, असा माणूस ते लिहीत होता. हे बैठकीतल्या त्या गृहस्थांना ठाऊक होतं का? तुला होतं का? तू थांबली असतीस तर तिथल्या तिथे सांगता आलं असतं. त्यावरही ते म्हणतील, कुळाचा अभिमान म्हणजे राजकवीपदाचं उत्तर नव्हे. म्हणू देत. तेव्हा दुसरं पान काढ. तेही नाही सापडलं तर गप्प बस, पण खुर्चीत बस.

येत्या रविवारी सकाळी सातला फूलबागेत समाधीपाशी ये, ऊन चढायच्या आत. त्यांनाही बोलावलंय. येताना माझ्याकडून पुस्तक घेऊन जा. आत ते पोस्टकार्ड आहे, ज्या पानात आहे तिथून हलवू नकोस.

तुझा
काका