फर्मी लेव्हलला डेन्सिटी ऑफ स्टेट्स जास्त, म्हणूनच क्युप्रेटचा टीसी इतका वर जातो का?

नाही. (अतिवाहक म्हणजे वीज विनाअडथळा वाहू देणारा पदार्थ, टीसी म्हणजे ज्याच्या खाली तो तसा होतो ते तापमान, क्युप्रेट म्हणजे तांबं-ऑक्सिजनवाले अतिवाहक. फर्मी लेव्हल म्हणजे इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा, आणि डेन्सिटी ऑफ स्टेट्स म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनांना किती जागा, म्हणजे स्टेट्स, आहेत ते.) अतिवाहकतेच्या बीसीएस सिद्धांताच्या सूत्रात घातांकात दोन राशी असतात, डेन्सिटी आणि इलेक्ट्रॉनांची जोडी बांधणारं कपलिंग. लोक पहिली पाठ करतात, दुसरी सोयीस्कर विसरतात.

माझे गाइड त्यातलेच. प्रबंधाच्या मसुद्यात मी पॅलेडियमवर परिच्छेद टाकला होता: फर्मी लेव्हलला स्टेट्सची रेलचेल, तरी शुद्ध धातू अतिवाहक होत नाही, कारण स्पिन फ्लक्च्युएशन (इलेक्ट्रॉनांच्या चुंबकी स्पिनचे चढउतार) त्यांच्या जोड्या, म्हणजे कूपर जोड्या, जुळूच देत नाहीत. त्यावर लाल पेनाची आडवी रेघ आणि समासात ‘विषयांतर’. पुढच्या मसुद्यात मी तो पुन्हा घातला, पुन्हा रेघ. मग ग्रुप मीटिंगमध्ये सर म्हणाले, “वॅन होव्हचा पीक फर्मी लेव्हलवर आणा, टीसी आपोआप चढेल.” वॅन होव्हचा पीक म्हणजे डेन्सिटीच्या आलेखातलं उंच टोक. मी उठून फळ्यावर लँथॅनम-स्ट्रॉन्शियम क्युप्रेटचा घुमट काढला, म्हणजे डोपिंग (स्ट्रॉन्शियमची भेसळ) वाढवत नेलं की टीसी कसा चढतो आणि उतरतो त्याचा आलेख. टीसीचं शिखर ०.१६ डोपिंगच्या आसपास. पीक फर्मी लेव्हल ओलांडतो तो त्याच्या पुढे, ओव्हरडोप्ड बाजूला, म्हणजे टीसी उतरणीला लागल्यावर! सर म्हणाले, “पुढची स्लाइड.” तो परिच्छेद अखेर परिशिष्टात गेला आणि व्हायव्हात बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच विचारलं. असो.

अंडरडोप्ड, म्हणजे कमी डोपिंगच्या, बाजूला स्यूडोगॅपमुळे (इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जांत पडणाऱ्या अर्धवट फटीमुळे) टीसीच्या वरच्या तापमानालाच फर्मी लेव्हलजवळच्या स्टेट्स घटू लागतात, त्यामुळे तिथे डेन्सिटीचा संबंध आहेच. पण क्युप्रेटमधलं कपलिंग नेमकं कशातून येतं यावर १९८६ पासून एकमत नाही, मग नुसत्या डेन्सिटीवरून टीसी काय सांगणार? मॅग्नेशियम डायबोराइड बघा: डेन्सिटी बेताचीच, तरी ३९ केल्विन, कारण बोरॉनच्या कंपनांशी सिग्मा बँडचं (बोरॉन-बोरॉन बंधांतल्या इलेक्ट्रॉनांचं) कपलिंग जबरदस्त.

आता दुसरी बाजू, नाहीतर कॉमेंटमध्ये कोणीतरी धरेलच. स्ट्रॉन्शियम रुथेनेट एका अक्षावर दाबून वॅन होव्ह पॉइंट फर्मी लेव्हलवर आणला की टीसी १.५ वरून ३.५ केल्विनच्या आसपास जातो. प्रचंड दाबाखाली २०३ केल्विन गाठणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडच्या बँड गणितांतही फर्मी लेव्हलजवळ पीक दिसतो. म्हणजे कपलिंग असेल तर पीक मदत करतो. मात्र तोच पीक कधी चुंबकत्वाला किंवा अणूंच्या जालकाच्या विकृतीलाही आमंत्रण देतो, आणि अशुद्धी असल्या की बोथट होतो.

तुम्ही गणित करत असाल तर डेन्सिटीच्या आलेखावर थांबू नका. फोननवाला (जालकाच्या कंपनांतून जोड्या बांधणारा) पदार्थ असेल तर लॅम्डा, म्हणजे त्या कपलिंगचा आकडा, काढा. आणि गाइडने पीक दाखवून टीसी सांगितला, तर कपलिंग किती धरलं ते विचारा, सगळ्यांसमोर विचारा.