संध्याकाळची चिडचिड आणि बाकीचे प्रश्न

यावेळी बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, टेन्शनवर काय खाऊ? आहारतज्ज्ञ म्हणून सरळ सांगते, टेन्शन घालवणारा असा कुठला एक पदार्थ नसतो, पण जेवणाच्या वेळा विस्कटल्या की आहे ते टेन्शन डबल वाटतं, हे मी रोज बघते. चार प्रश्न घेतेय.

प्रश्न: मी बदलापूरला राहते, वय ३९, ऑफिस फोर्टला. सकाळी चहा-बिस्किट खाऊन लोकल पकडते, डबा दोनला, मग चारला चहा. साडेसातला घरी पोचले की मुलांवर उगाच ओरडते आणि समोर येईल ते फरसाण खाते. नंतर रडूच येतं. माझा स्वभाव बिघडलाय का?

ताई, स्वभाव नाही हो बिघडला, पोट रिकामं आहे. दोनच्या डब्यानंतर साडेसातपर्यंत नुसता चहा, म्हणजे साडेपाच तास, आणि त्यातही लोकलमध्ये उभं राहून. रक्तातली साखर खाली येऊ लागली की ती सावरायला शरीर अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, आणि आपण घाबरलो किंवा संतापलो तरी हीच दोन रसायनं सुटतात, त्यामुळे भूक आणि राग शरीराला जवळजवळ सारखेच लागतात. मुलाने दप्तर मधेच टाकलंय हे फक्त निमित्त होतं.

म्हणून एकच बदल आधी करा, बाकीचं नंतर. ऑफिसमधून निघताना, ट्रेनमध्ये चढायच्या आधी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि एक केळं खायचं. पर्समध्ये डबी कायमची ठेवून द्या, रविवारी आठवड्याचं भरून ठेवलं की रोज विचार करावा लागत नाही. फरसाण बंद करा असं मी म्हणत नाहीये, पोटात काही असेल तर ते आपोआप चमचाभरावर येतं, बघा करून. सकाळी बिस्किटांऐवजी शेंगदाण्याचा लाडू किंवा रात्रीची पोळी गूळ-तूप लावून, तीही चालते.

आणि एक, जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेच सांगितलंय, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया आहे, आणि थकवा, धाप, चिडचिड याला आपण सगळ्या जणी टेन्शन म्हणून मोकळ्या होतो. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड एकदा तपासून घ्याच, मुलांचं सगळं वेळेवर करता तसं हेही करा.

प्रश्न: हिंजवडीत नाइट शिफ्ट आहे, रात्री नऊ ते सकाळी सहा. चार-पाच कॉफी होतात, पित्त होतं, दिवसा झोप लागत नाही आणि सारखी धास्ती वाटते.

दादा, धास्तीतला मोठा वाटा कॉफीचा असू शकतो. कपभर इन्स्टंट कॉफीत साधारण ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, मशीनच्या कडक कॉफीत त्याहून बरंच जास्त, आणि घेतलेलं निम्मं कॅफिन शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. पहाटे चारला घेतलेली कॉफी सकाळी नऊला तुमच्याबरोबर गादीवर असते. दोन कप, तेही रात्री एकच्या आत, एवढ्यावर या. पण एकदम तोडू नका, डोकं उठेल, आठवड्याला एकेक कप कमी करा.

मुख्य जेवण घरून निघायच्या आधी, पोळी-भाजी, वरण-भात सगळं. रात्री एकच्या सुमाराला हलकं काहीतरी, इडली, दहीभात किंवा मुगाची खिचडी, कँटीनचा वडापाव त्या वेळी पचत नाही आणि पित्ताचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं. घरी आल्यावर थोडं खाऊन झोपा, उपाशी झोपलात तर अकराला भुकेने जाग येणार. खिडकीला जाड पडदा लावा, फोन दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. पहाटे चारला उठवून कॉफी देते, बदाम आणि स्मरणशक्तीची पावडर चालू आहे. अजून काय देऊ?

झोप द्या. या वयात ८ ते १० तास लागते आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसायचं काम झोपेतच होतं. बदाम चांगलेच आहेत, पण शेंगदाणे, अंडं, उसळ, नाचणीची भाकरी हेही तितकंच कामाचं आणि स्वस्त. पावडरवरचे पैसे वाचवा. पेपरच्या दिवशी नवीन काही नको, रोजचेच पोहे-उपमा.

प्रश्न: सोलापूर जिल्ह्यातून लिहितेय. मिस्टरांचं शेतीत नुकसान झालं, महिना झाला ते धड जेवत नाहीत, पहाटे तीनला उठून बसतात, कुणाशी बोलत नाहीत. भूक लागायला काय देऊ?

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थांबलेच. हे नुसतं खाण्याचं राहिलेलं नाही. दोन आठवड्यांहून जास्त भूक, झोप आणि बोलणं तिन्ही गेलं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, आणि ते तयार नसतील तर त्यांच्यासाठी काय करायचं हे विचारायला तुम्हीसुद्धा फोन करू शकता. आजच करा. मरणाची भाषा काढली तर एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध हाताशी राहणार नाही असं बघा आणि थेट दवाखान्यात न्या.

तोवर ताट भरून समोर ठेवू नका, ते बघूनच नको होतं. थोडा मेतकूट-भात, नाहीतर ताकातली कण्यांची पेज, दोन-तीन तासांनी वाटीभर, आणि तुम्हीही तुमची वाटी घेऊन शेजारी बसा. ‘खा ना’ म्हणून मागे लागू नका. सकाळी उन्हात शिवारातून बरोबर एक चक्कर मारा, बोलले नाहीत तरी चालेल. आणि तुम्ही स्वतः जेवताय ना? पुढच्या वेळी तेही कळवा.