लाल कोळीवर लवंग तेल मारलं आणि शेंडेच करपले

प्रश्न (मावळ तालुका) : पॉलिहाउसमधल्या गुलाबावर लाल कोळीनं (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) जाळी धरली. औषधं बदलून पाहिली, आता एकही लागू पडत नाही. कुणीतरी लवंग तेल सांगितलं. १५ लिटरच्या पंपाला ७५ मिली तेल आणि थोडा शाम्पू टाकून दुपारी फवारलं. कोळी मेले, पण कोवळे शेंडेही काळे पडले. असं का झालं?

उत्तर : दादा, तेल खोटं नव्हतं, प्रमाण आणि वेळ चुकली. ७५ मिली म्हणजे लिटरला ५ मिली झालं. लवंग तेलातला युजेनॉल हा घटक इतका जहाल आहे की परदेशात सेंद्रिय शेतीत याच तेलाचं तणनाशक करतात. जे तेल तण जाळतं ते गुलाबाचा तांबूस कोंब का सोडेल? त्यात भर दुपारी, पॉलिहाउसच्या उष्णतेत.

शाम्पूचंही बघा. तेल पाण्यात विरघळत नाही. नुसता फेस करून ओतलं की ते थोड्या वेळात वर तरंगतं, मग काही झाडांवर जवळपास पाणीच पडतं आणि काहींवर घट्ट तेल. आधी तेलात इमल्सिफायर (तेल पाण्यात मिसळून ठेवणारा पदार्थ) घोटायचा, मग थोडं थोडं पाणी घालून दुधासारखं पांढरं करायचं आणि तेव्हा पंपात ओतायचं. फवारताना पंप हलवत राहायचा.

ही तेलं मुख्यतः अंगावर पडली तरच मारतात, थोडंफार वाफेनं. रोझमेरी, पुदिना, सिट्रोनेला, निलगिरी, सगळ्यांचं तसंच. कोळी असतात पानाच्या खालच्या बाजूला, जाळीच्या आड. नोझल खालून वर धरला नाही तर तेलाचा सुगंध तेवढा तुम्हाला मिळणार. आणि तेल लवकर उडून जातं. उन्हाळ्यात कोळीची अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, अंड्यांवर तेलाचा परिणाम कमीच. म्हणून एका फवारणीवर थांबू नका. चार-पाच दिवसांनी दुसरी, गरज पडली तर तिसरी. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पडदे खाली असले तर वाफ जरा टिकते, पण मजूर आत नकोत.

प्रमाण किती, हे सगळे विचारतात. तुमच्या पिकासाठी लेबल असलेलं तयार औषध मिळालं तर लेबलवरचंच प्रमाण घ्या. अत्तराच्या दुकानातल्या बाटलीवर मी तसा भरवसा ठेवणार नाही. तरी घरी करायचंच असेल तर लिटरला १ मिलीपासून सुरुवात करा, पाच झाडांवर मारा आणि दोन दिवस थांबून शेंडे बघा. एका पिकाला सोसलेलं प्रमाण दुसऱ्याला सोसेलच असं नाही. गुलाबाच्या जातीजातीतही फरक पडतो.

आणखी एक. भुरीसाठी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीरोग) रात्री गंधकाचा धूर देत असाल तर तेल आणि गंधक यांत किमान १५ दिवसांचं अंतर ठेवा. नाहीतर पुन्हा पानं भाजतील.

प्रश्न (पुरंदर) : वांग्यावर निंबोळी तेल मारतो, तेही हेच काम करतं ना?

नाही ताई, ते वेगळं. निंबोळी तेल उडून जात नाही. त्यातला अझाडिरॅक्टिन किडीचं खाणं आणि वाढ रोखतो, म्हणून असर सावकाश दिसतो. ५ टक्के निंबोळी अर्क (५ किलो निंबोळी, १०० लिटर पाणी) कोळी नुकते दिसू लागतात तेव्हा उपयोगी. जाळी धरल्यावर त्याच्यावर विसंबू नका.

प्रश्न (जुन्नर) : टोमॅटोत अळीसाठी दोनदा पायरेथ्रॉइड (कीटकनाशकांचा एक गट) मारलं, त्यानंतरच कोळी वाढले. असं होतं का?

होतं, नेहमी होतं. कोळी हा कीटक नव्हे, आठ पायांचा प्राणी आहे. पायरेथ्रॉइडनं त्याला खाणारे भक्षक कोळी आणि बारीक काळे ढालकिडे आधी मरतात, मग याला रान मोकळं. मादीला नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, फक्त त्यातून नर निघतात. रस्त्याकडेच्या धूळ बसणाऱ्या ओळी आधी तपासा, बहुतेकदा सुरुवात तिथूनच होते. पांढऱ्या कागदावर पान झटका. ठिपके चालू लागले तर कोळी समजा.

मावळच्या दादांनी करपलेले शेंडे खालच्या डोळ्यापर्यंत (जिथून नवा कोंब फुटतो) छाटावेत. नवा फुटवा बोटभर झाला की १० पानं कागदी पिशवीत घेऊन या. प्लास्टिकच्या पिशवीत पानांना घाम फुटतो आणि भिंगाखाली काही नीट दिसत नाही.