भुतं सपाट का दिसतात?

प्रश्न : ३१ ऑक्टोबरला सोसायटीच्या बागेत मुलांसाठी हॅलोविनची कापडी भुतं उभारतो. समोर हॅलोजन लावला तर ती सपाट दिसतात आणि पावसाची सर आली की आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. काय करावं?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : समोरच्या प्रकाशात घड्यांच्या सावल्याच दिसत नाहीत. प्रत्येक भुताला १० वॉटचा, आयपी ६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न शिरणारा) हिरवा एलईडी फ्लडलाइट द्या. जमिनीलगत, फूट-दीड फुटावर, एका बाजूने वर वळवलेला. आसपासचे दिवे बंद हवेतच, नाहीतर मेहनत वाया.

आरसीसीबी पडतो तो बहुधा जोडात पाणी शिरल्याने. नुसती टेप पुरत नाही. जोड वॉटरप्रूफ जंक्शन बॉक्समध्ये घेऊन जमिनीपासून उंच बांधा. बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरला खाली झोळ ठेवा, म्हणजे थेंब तिथेच गळतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी मात्र कुणालाही बायपास करू देऊ नका. ओल्या गवतात मुलं अनवाणी धावतात.