अर्थखात्याच्या अधिकाऱ्यांनी चर्चेला बोलावले, तर स्वतंत्र अर्थलेखकाने जावे का?

अवश्य जावे, परंतु भेटीच्या अटी वाचकांना सांगून जावे. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने बँकांना दिलेल्या मदतीवर कडक टीका करणाऱ्या काही स्वतंत्र लेखकांना चर्चेसाठी बोलावले, तेव्हा कोणता अधिकारी काय म्हणाला हे नावानिशी लिहायचे नाही, अशी अट होती; तरीही काहींनी परतल्यावर भेटीचा वृत्तांत आणि आपले मतभेद मोकळेपणाने मांडले.

मी सांगलीच्या हळदीच्या पेठेत वाढलो, म्हणून मला या अटीची काळजी वाटते. पूर्वी अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवत आणि ज्याची हळद होती तो शेतकरी बाजूला उभा राहून दोघांचे चेहरे तेवढे पाहत असे, असे आजोबा सांगत. नाव न घेता मिळालेल्या माहितीचेही तसेच आहे. ती खरी असेलही, पण वाचकाला पडताळता येत नाही, आणि लेखकाला मात्र आपण आतल्या गोटातले झालो असे वाटू लागते.

लेखी नोंद त्याहून मोलाची. रिझर्व्ह बँकेच्या, व्याजदर ठरवणाऱ्या ६ सदस्यांच्या पतधोरण समितीचे इतिवृत्त बैठकीनंतर १४ व्या दिवशी प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याचे मत नावासह असते. ते वाचून नेमके प्रश्न घेऊन जा. चहा जरूर घ्या, पण लेख प्रसिद्ध होण्यापूर्वी अधिकाऱ्यांना वाचायला देऊ नका.